बांधकामाचा उद्देश

“रकाना सातवा,” मामंजींनी चष्मा सारखा केला आणि मोठ्यानं वाचलं, “प्रस्तावित बांधकामाचा उद्देश.”

आणि घरात एकदम चिडीचूप झालं.

तोवर सगळं सुरळीत चाललं होतं. अर्जदाराचं नाव गणपत रामजी नलवडे. धंदा, सेवानिवृत्त अव्वल कारकून, तहसील कचेरी. बांधकाम, राहत्या घराच्या गच्चीवर एक खोली. मामंजी एकेक रकाना वाचत, स्वतःच्याच अक्षरावर खूश होऊन मान डोलावत आणि पुढं सरकत. सातव्या रकान्यापाशी पेन थांबलं. माझे दीर बाळासाहेब भिंतीवरच्या पालीकडं बघायला लागले. दोघी नणंदा एकमेकींच्या वेण्या तपासायला लागल्या. आमचे हे उठून सायकलला तेल घालायला गेले. सायकलला सकाळीच तेल घालून झालं होतं. आणि मी चुलीपुढं बसून एक भाकरी इतकी थापली, इतकी थापली, की ती परातीच्या बाहेर निघाली.

कारण उद्देश काय ते सगळ्यांनाच माहीत होतं. उद्देश भाकरी थापत बसला होता.

माझं लग्न होऊन वर्ष होत आलं होतं. घर तीन खणांचं. पुढच्या खोलीत मामंजी आणि दीर. मधल्या खोलीत आत्याबाई, दोघी नणंदा आणि मी. तिसऱ्या खणात चूल. आमच्याकडं सासूला आत्याबाई आणि सासऱ्याला मामंजी म्हणायची रीत. हे झोपायचे बाहेर ओट्यावर. घरात दार म्हणाल तर एकच, रस्त्याकडचं. बाकी सगळे पडदे, तेही जुन्या साड्यांचे. आमचं लग्न झालंय हे गावाला ठाऊक होतं, पत्रिकेत छापून आलं होतं, फक्त घराला त्याचा पत्ता नव्हता. आम्ही दोघं निवांत बोललो असू तर ते एसटीच्या बाकावर, माहेरी जाता-येताना. त्यामुळं मी सारखी माहेरी जायची आणि माझ्या आईला वाटायचं, पोरीला सासुरवास आहे.

खोलीची गोष्ट आत्याबाईंनीच काढली होती. एक दिवस जेवताना त्या म्हणाल्या, “गच्चीवर येक खोली टाका.” मामंजींनी “कशाला?” विचारलं, तर “जागा पुरंना” एवढंच बोलून त्यांनी मामंजींच्या ताटात न मागता आमटी वाढली. विषय तिथंच मंजूर झाला.

दुसरा कुणी असता तर त्यानं गवंडी बोलावून खोली बांधून टाकली असती आणि नगरपालिकेला पुढं कधीतरी कळवलं असतं. पण मामंजींचा जन्म कागदांत गेलेला. सरकारी कागद त्यांना देवाच्या ठिकाणी होता. घरात आलेला कुठलाही सरकारी कागद, मग ते विजेचं बिल का असेना, ते घरात वाचत नसत. ओट्यावर उभं राहून, डोक्याला टोपी घालून, आळीला ऐकू जाईल असा वाचत. सरकार बोलतं ते चारचौघांत बोलतं, असं त्यांचं म्हणणं. समोरच्या गोदाक्का तेवढ्या वेळापुरतं निवडण-टिपण घेऊन दारात येऊन बसायच्या.

तर सातवा रकाना.

“बोला,” मामंजी म्हणाले, “उद्देश काय लिहू?”

शेवटी आत्याबाई म्हणाल्या, “धान्य लिवा.”

“धान्य?”

“धान्य ठिवायला. समदीच लिवत्यात.”

मामंजींचा जीव भांड्यात पडला. त्यांनी ‘धान्य साठवण’ लिहिलं. एवढ्यावर थांबायचं की नाही? पण अव्वल कारकुनाला अर्धवट माहिती देववत नाही. त्यांनी पुढं लिहिलं, ‘अंदाजे बारा पोती’. आमच्याकडं शेत नव्हतं. धान्य बाजारातून पिशवीनं यायचं.

अर्ज गेला आणि आठवड्याभरात नगरपालिकेचे ओव्हरसियर गोंजारी साहेब स्थळपाहणीला आले. बारकेसे, कपाळावर कायम आठ्या, हातात फीत आणि बगलेत आमची फाईल. त्यांनी गच्ची मोजली, भिंती ठोकून बघितल्या आणि खाली येऊन खुर्चीवर बसले.

“नलवडे, बारा पोती म्हणजे किती भार होतो, हिशेब केलाय का? हा स्लॅब बारा पोती घेईल?”

“थोडं कमी करू साहेब,” मामंजी म्हणाले. “दहा?”

“शेत कुठं आहे तुमचं?”

सरळ प्रश्नाला मामंजींना खोटं उत्तर देता येत नसे. “शेत नाही.”

“मग धान्य कुठलं?”

मामंजींनी आत्याबाईंकडं पाहिलं. आत्याबाईंनी पडद्याआडून माझ्याकडं पाहिलं. मी पोह्यांत मीठ दुसऱ्यांदा घातलं.

“उद्देश बदलतो साहेब,” मामंजींनी कपाळ पुसलं. “अभ्यासिका. मुलाच्या अभ्यासासाठी.”

“कुठल्या मुलाच्या?”

बाळासाहेब दहावीला दोनदा बसून आता तालमीत बसत होते. त्यांना पुढं करण्यात आलं. साहेबांनी विचारलं, “काय वाचता सध्या?”

बाळासाहेबांनी प्रामाणिकपणे विचार केला. “सध्या म्हंजे... काय न्हाई.”

गोंजारी साहेबांनी खारट पोह्यांचा घास घेतला, डोळे मिटले आणि फाईल मिटली. ते उठणार हे बघून आत्याबाई पडदा बाजूला सारून सरळ पुढं आल्या. परक्या पुरुषासमोर त्या कधी अशा आलेल्या मी पाहिल्या नव्हत्या.

“सायेब, द्येवघर लिवा.”

“देवघर?”

“व्हय. द्येवाला जागा न्हाई. खाली पोरांची पायताणं, लुगडी, समदं कालवाकालव. द्येवाला तरी न्हाई म्हनू नगा.”

गोंजारी साहेबांनी आधी आत्याबाईंकडं, मग पोह्यांची बशी घेऊन उभ्या असलेल्या माझ्याकडं, मग दारात सायकलला तेल घालणाऱ्या ह्यांच्याकडं बघितलं. त्यांना काही बोलायचं होतं बहुतेक. पण मामंजींनी तोवर फाईल उघडून ‘धान्य’ खोडून ‘देवघर’ लिहूनही टाकलं होतं आणि खाडाखोडीवर सहीसुद्धा केली होती.

परवानगी आली. ओट्यावर वाचली गेली. खोली चढली.

काय खोली झाली म्हणून सांगू! पूर्वेला खिडकी, उत्तरेला खिडकी, खाली शहाबादी फरशी. दाराची कडी मात्र आत्याबाईंनी स्वतः बाजारात जाऊन आणली. चांगली जाडजूड, लोखंडी, आतून लावायची. सुतारानं ती ठोकल्यावर त्या बराच वेळ खोलीत उभ्या राहून कडी लावत होत्या, काढत होत्या, परत लावत होत्या. मला वाटलं, घट्ट बसते का ते बघतायत.

बांधकाम पूर्ण झाल्याची पाहणी करायला गोंजारी साहेब परत आले. त्यांची नजर नेमकी कडीवर गेली.

“देवघराला आतून कडी? आतून कोण लावणार? देव?”

“द्येवाला बी येकांत लागतोय,” आत्याबाई म्हणाल्या.

साहेबांनी डायरीत काहीतरी टिपलं आणि पोहे नको म्हणून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी पूर्णत्वाचा दाखला आला. मामंजींनी टोपी घातली, ओट्यावर गेले आणि वाचायला लागले. सगळं ठाकठीक होतं, शेवटची ओळ येईपर्यंत. “सदर खोलीचा वापर मंजूर उद्देशाखेरीज अन्य कोणत्याही कारणासाठी करता येणार नाही.”

मामंजींनी ती ओळ दोनदा वाचली. मी त्यांना वर्षभर ओळखत होते.

संध्याकाळी मी गादीची वळकटी काखेत मारून जिना चढायला लागले. वरच्या पायरीवर मामंजी उभे होते, हातात खंडोबा.

“सूनबाई, कुठं?”

काय सांगणार? “गादी... ऊन दाखवायला,” मी म्हणाले. सूर्य मावळला होता.

“ऊन दाखवा हवं तेवढं. खोलीत नको. दाखला ऐकलात ना?”

आणि मामंजींनी सगळे देव वर नेले. खंडोबा, तुळजाभवानी, बाळकृष्ण, शंख, घंटा, समई. समईच्या उजेडात ती खोली इतकी सुरेख दिसत होती की मला रडू फुटलं. मी हात जोडून रडतेय हे बघून मामंजी गहिवरून म्हणाले, “भाविक आहे हो पोर.”

त्यापुढं जे झालं ते कुणा वैऱ्यावरही येऊ नये. खोली हवेशीर, त्यामुळं आरती तिथं लांबायला लागली. आरती लांबली म्हणून गोदाक्का यायला लागल्या. गोदाक्का आल्या म्हणून आळीतल्या बायका आल्या आणि दर गुरुवारी माझ्या खोलीत भजन सुरू झालं. हे टाळ मोजून द्यायचे, मी प्रसाद वाटायची. एकदा भजन संपल्यावर गोदाक्का कडी हाताळत म्हणाल्या, “झ्याक हाय. भजन चालू आसताना कुनी मधी याया नगं म्हनून बसवली व्हय?”

“व्हय,” आत्याबाई म्हणाल्या आणि त्यांनी असा सुस्कारा टाकला की समई फडफडली.

मी ह्यांना एकदा नळावर गाठलं. “तुम्ही बोला ना मामंजींशी.”

“काय बोलू?”

“जे आहे ते.”

ह्यांचा चेहरा असा झाला की बादली मीच उचलली. एसटीच्या वर्कशॉपमध्ये हा माणूस अख्खं इंजिन उतरवायचा, पण बापापुढं त्याची जीभ टाळूला चिकटायची. शेवटी म्हणाले, “मी येतो तुझ्याबरोबर नगरपालिकेत. वापर बदलून मागू.”

मी आत्याबाईंना तेवढं सांगितलं. त्यांनी माझ्या हातातलं लाटणं काढून घेतलं आणि म्हणाल्या, “चांगलं लुगडं नेस.”

आम्ही नगरपालिकेच्या फाटकापर्यंत बरोबर गेलो. तिथं ह्यांच्या सायकलची हवा गेली. कशी गेली ते मी विचारलं नाही. “तू हो पुढं, मी पंक्चर काढून आलोच,” म्हणाले. लग्नाला चाळीस वर्षं होत आली, अजून यायचेत.

बांधकाम खात्यात चार टेबलं, एक टंकलेखक आणि छतापर्यंत फायली. गोंजारी साहेबांनी मला ओळखलं. “बसा. पोहे नाहीत ना आणले?”

“खोलीचा वापर बदलायचाय,” मी म्हणाले.

“देवघराचं काय करायचं?”

घरून निघताना मी उत्तर घोकून आले होते. “शिवणकाम.”

“धंदा? मग तो वाणिज्य वापर झाला. वेगळा अर्ज.”

“मग... पाहुण्यांसाठी.”

“कोण पाहुणे?”

“माझे... माझ्या माहेरचे...” आणि माझा तोल गेला. वर्षभराचं साठलेलं एकदम बाहेर आलं. “कोणी पाहुणे नाहीत! मला आणि माझ्या नवऱ्याला पाहिजे ती खोली! लग्न होऊन वर्ष झालं साहेब, आम्हाला दार नाही! देवांना दार आहे, कडी आहे, आणि आम्ही दोघं बोलायचं झालं तर तिकीट काढून बोलतो!”

टंकलेखकाची टकटक थांबली. कोपऱ्यातल्या कारकुनानं तोंडातलं पान तसंच ठेवलं. मला वाटलं आता जमीन दुभंगावी. माझे कान तापून लाल झाले होते, पण खरं सांगते, हलकंही वाटत होतं.

गोंजारी साहेबांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. “बाई, हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं.”

“मग धान्य मंजूर का नाही केलं?”

“अहो, धान्य मी आजवर कधीही नामंजूर केलेलं नाही!” साहेब कळवळून म्हणाले. “ह्या गावात दर दुसऱ्या गच्चीवर धान्याची खोली आहे. नकाशे बघाल तर आपल्याकडं सात वर्षं दुष्काळ पडला तरी कुणी उपाशी मरायचं नाही. माझ्या स्वतःच्या घरी धान्याची खोली आहे, तिथंच आमचा पलंग. पण लोक नुसतं ‘धान्य’ लिहितात आणि गप बसतात. तुमच्या सासऱ्यांनी पोती लिहिली. बारा! पोती लिहिल्यावर मला भार काढावाच लागतो. मी काय करू?”

मला हसावं की रडावं कळेना. “आता?”

“आता वापर बदलायला मालकाचा अर्ज पाहिजे.”

“ते मेले तरी असला अर्ज लिहायचे नाहीत.”

गोंजारी साहेबांनी डायरी काढली, पानं उलटली आणि एका पानावर बोट ठेवलं. पहिल्यांदाच त्यांच्या कपाळावरच्या आठ्या गेलेल्या मी पाहिल्या. “देवघराला आतून कडी. मी तेव्हाच नोंद केलीय. अर्ज नको. आपण नोटीस काढू.”

घरी आल्यावर मी आत्याबाईंना सगळं सांगितलं. धान्याच्या खोल्यांचं ऐकून त्या तोंडाला पदर लावून इतक्या हसल्या की ठसका लागला. मग एकदम तवा ओढून घासायला लागल्या.

नोटीस दोन दिवसांनी आली, सकाळी, शिपायाच्या हातून. मामंजींनी टोपी घातली. ओट्यावर गेले. गोदाक्का मेथीची जुडी घेऊन दारात आल्या.

“विषय,” मामंजींनी खणखणीत आवाजात सुरुवात केली, “मंजूर वापरात आढळलेली विसंगती.” विसंगती म्हटल्यावर त्यांचा चेहरा उतरला. उभ्या हयातीत त्यांच्यावर कधी नोटीस निघाली नव्हती. “स्थळपाहणीत सदर खोलीस आतून कडी बसविल्याचे निदर्शनास आले. देवघरास आतून कडीचे प्रयोजन नसल्याने, सदर खोली ही अर्जदाराचा... अर्जदाराचा...”

मामंजी थांबले.

“वाचा की,” आतून आत्याबाई म्हणाल्या.

“पुढं किरकोळ मजकूर आहे.”

“सरकारी कागदात किरकोळ काय नसतंय, तुमीच म्हंता.”

“मोठ्यानं वाचा हो नलवडे,” गोदाक्कांनी जुडी खाली ठेवली. “हिकडं काय ऐकू येईना.”

मामंजींनी एकदा आभाळाकडं पाहिलं. त्यांच्या कानाच्या पाळ्या जांभळ्या झाल्या होत्या. पण कागद अर्धा वाचून घडी घालणं त्यांच्या रक्तात नव्हतं. त्यांनी छाती पुढं काढली आणि आख्ख्या आळीला ऐकू जाईल असं वाचलं, “अर्जदाराचा विवाहित मुलगा व सून यांचे निवासासाठीच बांधली गेल्याचे स्पष्ट होते! तरी सात दिवसांचे आत देव पूर्ववत खाली स्थापन करून सदर दांपत्याचे वास्तव्य सुरू करावे! अन्यथा कायदेशीर कारवाई करण्यात येईल!”

आळीत टाचणी पडली तर ऐकू आली असती. ओट्याखाली सायकलजवळ तेलाची बुधली पडली ती मात्र ऐकू आली.

“आन् न्हाई सुरू केलं तर काय कारवाई करत्यात म्हनं?” गोदाक्कांनी विचारलं.

मामंजी आत आले, घामानं निथळत होते. “मधुकर!”

“जी,” हे तेलकट हातांनी आत आले.

“सात दिवस मुदत आहे. पण आपण सरकारला वाट बघायला लावत नाही. आजपासून तू वर.” मग माझ्याकडं न बघता, खिडकीकडं तोंड करून म्हणाले, “सूनबाईसुद्धा. हुकूम आहे.”

देव दुपारच्या आत खाली आले. मामंजींनी ते वाजतगाजत आणले, घंटा बाळासाहेबांनी वाजवली. गादी मात्र आत्याबाईंनी स्वतः वर नेली. नवी चादर घातली, उशीवर हात फिरवला, माझ्या गालावरून बोटं फिरवून कडाकडा मोडली आणि खाली जाताना म्हणाल्या, “कडी जरा वर उचलून लावायची. मग वाजत न्हाई.”

दुसऱ्या दिवशी मी चहा घेऊन ओट्यावर गेले. मामंजी टोपी काढून, दमल्यासारखे बसले होते. पायरीवर आत्याबाई बसल्या होत्या. त्या कधीच त्यांच्यासमोर अशा बसत नसत. मी दारातच थांबले.

“म्हनलं,” आत्याबाई पदराचं टोक चुरगाळत म्हणाल्या, “मागं परसात बरीच जागा हाय.”

“असू दे की.”

“येक खोली निघंल.”

“अजून एक? आता कशाला? झालं की वर पोरांचं.”

आत्याबाईंनी हातानं हवेतच कडी लावल्यासारखं केलं, वर उचलून. मग हात पटकन पदराखाली घेतला.

मला तेव्हा कळलं, त्या दिवशी वर एकट्या उभ्या राहून त्या कडीचं काय करत होत्या. ह्याच घरात त्या नवी नवरी म्हणून आल्या होत्या. तेव्हाही दार एकच होतं, रस्त्याकडचं.

मामंजी त्यांच्याकडं बघत राहिले. बघता बघता त्यांच्या कानाच्या पाळ्या परत जांभळ्या झाल्या. त्यांनी टोपी उचलली, डोक्याला घातली, खिशातून पेन काढलं आणि घसा साफ केला. आळीला सोडा, मला दारात जेमतेम ऐकू आलं इतक्या बारीक आवाजात विचारलं, “उद्देश काय लिहू?”

“धान्य लिवा,” आत्याबाई म्हणाल्या. “पर ह्या टायमाला पोती लिवू नगा.”